सावली धरणारी फिल्म

दोन भिंगांचा जुना यशिका कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली उतरतो, घरातली पंचविशीतली मुलगी त्याचं झाकण उघडून काचेत वाकून पाहते आणि तिला पहिला प्रश्न पडतो : यात रोल कोणता घालू? पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, अलीकडे सावंतवाडीतही हा प्रश्न विचारणारी तरुण मुलं मला भेटतात. कॅमेरा वारशाने आलेला असतो, दुरुस्त करणारा कसाबसा सापडलेला असतो, भिंगावरची बुरशीही साफ झालेली असते. दुकानात मात्र दहा-बारा प्रकारचे डबे समोर येतात आणि गाडी तिथे अडते.

बहुतेक ठिकाणी त्यांना एकच उत्तर मिळतं. कमी स्पीडची फिल्म घ्या, शंभराची किंवा पन्नासची. दाणे बारीक येतात, मोठ्या निगेटिव्हचा फायदा तिथेच. हे उत्तर मला पटत नाही. ते ३५ मिमीच्या कॅमेऱ्यावर शिकलेल्या पिढीचं आहे. यशिकासारख्या १२० च्या रोलवाल्या कॅमेऱ्याला ते तसंच लावलं, तर सावलीत काहीच नसलेल्या, काचेसारख्या कोऱ्या निगेटिव्ह हातात येतात. माझं म्हणणं असं, की मीडियम फॉरमॅटमध्ये पहिली कृष्णधवल फिल्म ४०० ची असावी आणि निवड करताना दाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी पाहावं ते सावलीत काय उरतं याकडे, आणि आपल्या मुलखातले रंग ती फिल्म कशी वाचते याकडे.

हिशेब सरळ आहे. ३५ मिमीची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. १२० च्या रोलवरची सहा बाय सहाची चौकट प्रत्यक्षात भरते साधारण ५६ बाय ५६. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून थोडं जास्त. बारा इंची चौकोनी प्रिंट काढायची तर ३५ मिमीची निगेटिव्ह जवळजवळ पावणेतेरा पट मोठी करावी लागते. इथे साडेपाच पटींत काम भागतं. दाणा फिल्मवर तेवढाच असतो, पण प्रिंटवर तो निम्म्याहूनही कमी वाढतो. त्यामुळे १२० ची ४०० स्पीडची फिल्म त्याच आकाराच्या प्रिंटवर ३५ मिमीच्या शंभराच्या फिल्मइतकीच नितळ दिसते. तुम्ही सहा बाय साडेचारच्या पंधरा-सोळा चौकटी काढा, सहा बाय सहाच्या बारा, सहा बाय सातच्या दहा किंवा सहा बाय नऊच्या आठ, मुद्दा तोच राहतो.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने पाहा. यशिका मॅटचं भिंग ८० मिमीचं, एफ ३.५ चं. तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर फोकस केला आणि भिंग पूर्ण उघडं ठेवलं, तर नीट दिसणारी खोली जेमतेम अर्धा मीटर. माणूस येतो, त्याच्या मागची बैलगाडी येत नाही म्हणजे नाही. एफ ११ केलं की तीच खोली दीड मीटरच्या वर जाते. भरून आलेल्या आभाळाखाली शंभराच्या फिल्मला १/१२५ वर एफ ५.६ पर्यंत उतरायची पाळी येते. ४०० ला तिथे एफ ११ मिळतं. ३५ मिमीवाल्याकडे एफ १.८ चं हलकं भिंग असतं आणि त्यात खोलीही जास्त मिळते, म्हणून त्याला कमी स्पीड परवडतो. आपल्याला दोन स्टॉप उसने घ्यावेच लागतात. ते फिल्मकडून घ्यावेत.

हे सगळं मला सगळ्यात ठळक दिसलं ते वारीत.

ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस दिवे घाटाचा. ज्येष्ठ-आषाढाचं आभाळ. घटकेत ढग, घटकेत लख्ख ऊन. रस्ताभर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. आणि त्या टोपीखाली उन्हाने रापलेला, सावलीतला चेहरा. कपाळावर गोपीचंदनाची फिकट उभी रेघ आणि तिच्याखाली बुक्क्याचा काळा ठिपका. फिल्मची परीक्षा घ्यायला याहून कठीण विषय मी पाहिलेला नाही. उन्हातलं धोतर आणि टोपीच्या सावलीतला डोळा यांच्यात चार ते पाच स्टॉपचं अंतर सहज पडतं. मीटर हे सगळं पांढरं पाहतो आणि एक्सपोजर कमी करायला सांगतो. ते ऐकलं, तर धोतर राखाडी येतं आणि चेहरा संपतो.

मीटर चेहऱ्याजवळ नेऊन वाचन घेतलं आणि सावली धरली, तर धोतर निगेटिव्हवर फार दाट होतं. इथे फिल्मचा स्वभाव कामाला येतो. इल्फर्डची एचपी-फाइव्ह प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स जास्तीचा उजेड बऱ्यापैकी सोसते. दाट भागातलं धोतर फुटत नाही, एन्लार्जरखाली थोडा जास्त उजेड दिला की त्याच्या चुण्या कागदावर उतरतात. डेव्हलपरमध्ये वेळ थोडा कमी केला तर आणखी सोपं. सावलीसाठी एक्सपोज करायचं आणि उजेडासाठी डेव्हलप करायचं, हा फोटोग्राफीतला जुना नियम. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास त्यालाच झोन सिस्टिमची शिस्त लावली. मात्र अॅडम्स एकेक सुटी शीट वेगवेगळी धुवू शकत होते. आपल्या रोलवरच्या बारा चौकटी एकाच टाकीत जातात, म्हणून रोलच असा हवा की उन्हातली आणि ढगातली चौकट दोन्ही पोटात घेईल.

एचपी-फाइव्ह की ट्राय-एक्स, हा वाद कृष्णधवलवाल्यांत न संपणारा आहे. ट्राय-एक्स ३५ मिमी आणि १२० मध्ये १९५४ साली आली. इल्फर्डच्या एचपी मालिकेची सुरुवात १९३५ ची. दोन्ही जुन्या घडणीच्या, म्हणजे चांदीचे स्फटिक नेहमीच्या ओबडधोबड आकाराचे असलेल्या. ट्राय-एक्सचे मधले राखाडी थोडे अधिक करकरीत वाटतात, एचपी-फाइव्हचे थोडे मऊ. या फरकापेक्षा तुमच्या डेव्हलपरचा, पाण्याचा आणि हाताचा फरक मोठा असतो असं माझं ठाम मत आहे. मी एचपी-फाइव्ह वापरतो, कारण ती मला आमच्याकडे नेमाने मिळते आणि एकच फिल्म वर्षानुवर्षं वापरल्यावर ती कुठे दगा देते हे कळून येतं.

टी-मॅक्सची गोष्ट निराळी. १९८६ साली कोडॅकने चपट्या स्फटिकांच्या या फिल्म बाजारात आणल्या. तेवढ्याच चांदीत पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून दाणा बारीक. इल्फर्डने पुढे याच वाटेवर डेल्टा मालिका काढली. टी-मॅक्स ४०० इतकी स्वच्छ आहे की १२० मध्ये दाणा शोधावा लागतो. पण तिची चढण सरळ रेषेत वर जाते, उजेडाकडे ती वळून आडवी होत नाही. डेव्हलपिंगमध्ये अर्धं मिनिट किंवा दोन अंश इकडेतिकडे झाले की ती लगेच दाखवते. ज्याचं तापमान आणि घड्याळ पक्कं आहे, त्याने ती जरूर घ्यावी. फिक्सरमध्येही ती जास्त वेळ मागते, नाहीतर निगेटिव्हवर गुलाबी झाक राहते. नवशिक्याच्या हातात ती पहिल्याच रोलला देऊ नये.

संध्याकाळच्या मुक्कामावरचं कीर्तन ट्यूबलाइटच्या उजेडात चालतं. तिथे डेल्टा ३२०० हाताशी असावी. डब्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी इल्फर्डच्याच माहितीपत्रकात तिचा खरा स्पीड १००० दिलेला आहे. बाकी सगळं जास्त डेव्हलप करून मिळवायचं. ३५ मिमीत तिचा दाणा चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखा येतो. १२० मध्ये तोच दाणा टाळकऱ्यांच्या घामेजलेल्या चेहऱ्यांना शोभतो. एचपी-फाइव्ह १६०० वर ढकलूनही काम होतं, पण त्याने सावली वाढत नाही, फक्त उजळ भाग आणखी उजळतात, हे ध्यानात असावं.

आता रंगांकडे येतो. कृष्णधवल फिल्म निवडताना लोक रंगाचा विचारच करत नाहीत, आणि माझ्या मते अर्धी निवड तिथेच ठरते.

सातारच्या एका जुन्या स्टुडिओत मालकांनी मला लाइट बॉक्सवर दोन निगेटिव्ह शेजारी ठेवून दाखवल्या. एक त्यांच्या वडिलांच्या काळातली काचेची प्लेट, दुसरी त्यांनी स्वतः १२० वर घेतलेली. दोन्हीत नऊवारीतली बाई, खुर्चीत बसलेली, हात मांडीवर.

“कपाळ बघा,” ते म्हणाले आणि डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं.

काचेच्या प्लेटवर कपाळाच्या मधोमध एक स्वच्छ, आरपार वर्तुळ होतं. फिल्मवर त्याच जागी कपाळाच्या दाटपणात जवळजवळ मिसळून गेलेला पुसट गोल. पहिल्या निगेटिव्हवरून कुंकू कागदावर काळंकुट्ट उतरणार, दुसरीवरून अंगाच्या रंगाहून किंचित गडद राखाडी. “वडील म्हणायचे, काळं आलं तरी चालेल, पण बाईचं कुंकू दिसलं पाहिजे,” मालक म्हणाले. “नवी फिल्म आली तेव्हा गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली. मग आम्ही प्रिंटवर ब्रशने कुंकू लावून द्यायचो.”

कारण उघड आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आणि फिल्म निळा-हिरवा उजेड ओळखत, लाल त्यांच्या लेखी अंधार. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हाच्या नेहमीच्या सिनेमा फिल्मचीही तीच गत होती; लाल रंग तिला काळा. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्या आणि त्यांनी सगळे रंग वाचायला सुरुवात केली. आज आपण वापरतो त्या बहुतेक फिल्म पॅनक्रोमॅटिक. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल फिल्टर लावून बाईचा फोटो काढला, तर कुंकू कपाळातून पार नाहीसं होतं. हे एकदा प्रत्यक्ष करून पाहावं. फिल्टर म्हणजे काय हे शिकवायला दुसरा धडा लागत नाही.

इल्फर्डने २०१९ मध्ये ऑर्थो प्लस ही फिल्म १२० मध्ये आणली, दिवसाच्या उजेडात ८० स्पीडची. तिने कुंकू पुन्हा काळं होतं. त्याबरोबर सावळी त्वचाही गडद होते, ओठ काळे पडतात, चेहऱ्यावरच्या बारीक खुणा ठळक होतात. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, कोळणीच्या चेहऱ्याला हे फार चांगलं दिसतं. लग्नाच्या नवरीला देऊ नये. कोकणात तिचा मला दुसरा उपयोग झाला. जांभ्याचा चिरा तिच्यावर जवळजवळ काळा येतो, चुन्याच्या सांध्यांच्या पांढऱ्या रेघा त्यावर उठून दिसतात आणि गडग्याची बांधणी चिरा-चिरा मोजता यावी इतकी स्पष्ट होते. तोच गडगा पॅनक्रोमॅटिक फिल्मवर नारिंगी फिल्टर लावून काढला, तर चिरे उजळतात आणि अंगावरची भोकं, शेवाळ, पोत दिसायला लागतो. एकाच भिंतीचे दोन वेगळे फोटो. कुठला हवा, हे रोल घालतानाच ठरवावं लागतं.

पावसाळ्यातला सह्याद्री हा याहून अवघड प्रश्न. डोळ्याला हिरव्याच्या दहा छटा दिसतात. फिल्मवर सगळ्या एकाच राखाडीत बसतात. भाताचं खाचर, कारवीचं रान, आंब्याची गर्द झाडी, सगळं सारखं. पिवळा-हिरवा फिल्टर इथे खरा कामाचा, कारण भाताचा कोवळा पिवळसर हिरवा तो वर उचलतो आणि रान खालीच राहतं. फुजीची अॅक्रॉस-टू मुळातच लालाकडे थोडी कमी झुकते, हिरव्याशी तिचं जमतं. लाल फिल्टर पावसाळ्यात घरी ठेवावा. आभाळ निळं नसतंच, तर गडद काय करणार? तो तीन स्टॉप खातो आणि वर झाडी काळी करतो. आश्विन-कार्तिकात, पाऊस ओसरून निळ्या आभाळात पांढरे ढग चढतात तेव्हा नारिंगी काढावा. दोन स्टॉप गेले तरी ४०० ची फिल्म असल्याने हातात कॅमेरा धरता येतो. इल्फर्डची एसएफएक्स २०० लालाच्याही पुढे, ७४० नॅनोमीटरपर्यंत पाहते, आणि गडद लाल फिल्टरमागे पानं उजळून निघतात. काही जणांना हा चमत्कार फार आवडतो. मला दोन-चार फोटोंनंतर तो फिल्मचा फोटो वाटायला लागतो, डोंगराचा वाटत नाही.

एप्रिल-मेच्या धुरकट हवेत मात्र मी फिल्टर काढून ठेवतो. महाबळेश्वराहून कोकणाकडे पाहिलं की डोंगरांच्या एकामागे एक रांगा दिसतात, प्रत्येक मागची रांग जास्त फिकट. हे फिकटपण निळसर धुरक्याचं असतं. निळा उजेड जास्त वाचणारी ऑर्थो फिल्म हे थर आणखी सुटे करते. नारिंगी-लाल फिल्टर धुरकं कापतो आणि सगळ्या रांगा एकमेकींना चिकटवतो.

आपल्याकडे १२० च्या रोलची ओळख घराघरांत होती. हा आकार कोडॅकने १९०१ साली नंबर २ ब्राउनी या डबा-कॅमेऱ्यासाठी काढला, आणि भारतातल्या मध्यमवर्गात तो रुजला तो इथेच तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-थ्रीमुळे. बारा चौकोनी फोटो, सहलीला एक रोल. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली; तिची ‘इंदू’ फिल्म गावोगावच्या स्टुडिओंत वापरली गेली. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे त्यांच्या गळ्यात रोलायफ्लेक्स कायम दिसला. स्वातंत्र्याच्या काळातले नेते त्यांनी त्या चौकोनी चौकटीत पकडले. दयानिता सिंग यांची कृष्णधवल कामं हॅसलब्लाडवरची. त्यांच्या चौकटींत घरांच्या आतला उजेड पाहावा. कोपऱ्यातल्या सावलीतही वस्तू असते.

इंदू आता नाही. यावरून निवडीचा एक व्यावहारिक निकष मला महत्त्वाचा वाटतो : फिल्म पाच वर्षांनी मिळेल का? इल्फर्ड २००४ साली बुडायला आली होती, दुसऱ्या वर्षी तिच्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन हारमन नावाने उभी केली. इंग्लंडमधल्या मॉबर्लीचा तो कारखाना आज कृष्णधवल फिल्मचा सगळ्यात भरवशाचा आधार आहे. कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरी जाहीर केली, प्लस-एक्स त्याआधीच गेली होती, पण ट्राय-एक्स आणि टी-मॅक्स टिकल्या. फुजीने अॅक्रॉस २०१८ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये अॅक्रॉस-टू नावाने परत आणली. क्रोएशियाची एफके २०१२ पासून गेली ती गेलीच. चेक प्रजासत्ताकातली फोमा १९२१ पासून चालू आहे आणि स्वस्त आहे. हारमनचीच केंटमियर २०२२ पासून १२० मध्ये मिळते, तीही स्वस्त. हाताला सवय लावायला या दोन्ही उत्तम. फोमाची ४०० ची फिल्म मात्र २०० किंवा २५० धरूनच वापरावी, नाहीतर सावली रिकामी येते.

फोमाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण जुने वाडे आणि देवळं काढणाऱ्याला ती नडते. कोकणातल्या घराचं माजघर, एका खिडकीचा उजेड, ट्रायपॉड, एफ १६. मीटर म्हणतो दहा सेकंद. फिल्मवर उजेड फार कमी पडत असला की तिची ग्रहणशक्ती मंदावते, म्हणून वेळ वाढवून द्यावा लागतो. इल्फर्डच्या आकड्यांप्रमाणे त्या दहा सेकंदांचे एफपी-फोर प्लसला साधारण १८ होतात, एचपी-फाइव्हला २०. फोमापॅन १०० ला कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे आठपट, म्हणजे ८० सेकंद. अॅक्रॉसला दहाच, दोन मिनिटांपर्यंत तिला काही वाढवून द्यावं लागत नाही. माजघरात आजी बसलेली असेल तर दहा सेकंद ती स्थिर राहील, ऐंशी राहणार नाही. म्हणून अंधाऱ्या घरांसाठी आणि रात्रीच्या समुद्रासाठी मी अॅक्रॉस जपून ठेवतो. लेण्यांत जाणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवावं, की पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी ट्रायपॉडला आगाऊ परवानगी लागते.

कमी स्पीडच्या फिल्मना जागा नाही असं कुणी समजू नये. ट्रायपॉड आहे, विषय हलत नाही, हिवाळ्याचं तिरपं ऊन आहे, तिथे एफपी-फोर प्लस इतकी भरलेली निगेटिव्ह देते की कागदावर दगडाला हात लावावासा वाटतो. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, काळ्या पाषाणातली देवळं तिच्यासाठीच. पॅन-एफ मात्र आपल्या हवेत मी टाळतो. ५० स्पीडची ती फिल्म सुंदर आहे, पण तिच्यावर उमटलेली पण न धुतलेली प्रतिमा लवकर फिकी होते. एक्सपोज केल्यावर तीन महिन्यांच्या आत धुवा असं इल्फर्ड स्वतः सांगते. रोल महिनोन्महिने साठवून मग धुणाऱ्याला, त्यातही उकाड्यात, ती परवडत नाही.

उकाड्याचा विषय निघालाच आहे. फिल्मची माहितीपत्रकं २० अंश सेल्सिअस धरून लिहिलेली असतात. मे महिन्यात आमच्या नळाला तिशीचं पाणी येतं. आयडी-११ डेव्हलपरमध्ये एचपी-फाइव्हला पूर्ण ताकदीने साडेसात मिनिटं लागतात. २४ अंशांवर ती साडेपाचच्या आसपास येतात, आणखी वर गेलं की पाचच्या खाली. पाच मिनिटांहून कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही, आभाळात पट्टे येतात. म्हणून उन्हाळ्यात तो एकास एक पाणी घालून वापरावा. २० अंशांवर १३ मिनिटं लागतात, २४ वर नऊ-साडेनऊ, आणि हाताला सवड मिळते. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात सगळ्या बाटल्या उभ्या करायच्या, डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्याच्या पाण्यापर्यंत सगळं २४ वर आणायचं आणि मग सुरुवात करायची. एकट्या डेव्हलपरचं तापमान सांभाळून भागत नाही.

१२० च्या फिल्मला पाठीमागे कागद असतो, त्यावर आकडे छापलेले. दमट हवेत रोल उघडा ठेवला तर हा कागद ओलावा धरतो आणि आकड्यांची पुसट छाया फिल्मवर उतरू शकते; मोकळ्या आभाळात मधोमध एक पुसट आठ दिसला की सगळा फोटो गेला. फॉइलचं पाकीट कॅमेऱ्यात घालण्याच्या वेळीच फोडावं, रोल संपल्यावर चिकटपट्टी घट्ट लावून तो हवाबंद डब्यात टाकावा, फ्रिजमधून काढलेला रोल दोन-तीन तास बाहेर ठेवल्याशिवाय उघडू नये. रोल सावलीत बदलावा, स्वतःच्या सावलीत का होईना. विमानतळावर नवी सीटी स्कॅन यंत्रं बसली आहेत, ती फिल्म खराब करतात. रोल वेगळे काढून हाताने तपासायची विनंती करावी.

ज्यांच्या गावात कृष्णधवल धुणारं कुणी उरलेलं नाही आणि घरी टाकी घालायची तयारी नाही, त्यांच्यासाठी इल्फर्डची एक्सपी-टू सुपर आहे. ती रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनांत धुतली जाते. पण धुणं दुसऱ्याच्या हाती दिलं की सावली-उजेडाचा निम्मा ताबा गेला, आणि म्हणून मी मुलांना पहिल्याच महिन्यात टाकी विकत घ्यायला लावतो.

फिल्म ठरली की डब्यावरचा स्पीड स्वतःपुरता तपासून घ्यावा. त्याला एक रोल लागतो. काळी घोंगडी सावलीत दांडीवर टाकायची, शेजारी उन्हात धुतलेलं पांढरं धोतर. मीटर घोंगडीजवळ नेऊन तिचं वाचन घ्यायचं आणि मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी एक्सपोजर द्यायचं. फिल्म ४०० ची असेल तर मीटरवर ४००, ३२०, २५०, २००, १६०, १०० असे स्पीड लावून एकेक चौकट घ्यायची, मग तोच क्रम पुन्हा. बारा चौकटी पुऱ्या. रोल नेहमीच्या पद्धतीने धुवायचा. कॉन्टॅक्ट प्रिंट काढताना एवढाच उजेड द्यायचा, की फिल्मची कोरी कड कागदावर नुकती पूर्ण काळी झाली. आता भिंगाखाली पाहायचं : घोंगडीची वीण पहिल्यांदा कुठल्या चौकटीत दिसू लागते? तो तुमचा स्पीड. मग त्याच चौकटीतलं धोतर पाहायचं. कागद तिथे कोरा पांढरा राहिला असेल तर पुढच्या रोलचा वेळ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करायचा. धोतर मळकट राखाडी असेल तर तेवढाच वाढवायचा. माझ्याकडे एचपी-फाइव्हवर वीण २५० ला उघडते, आणि धोतराचा पोत राखायला आयडी-११ एकास एक मधल्या १३ मिनिटांची ११ करावी लागतात. डेव्हलपर, थर्मामीटर किंवा टाकी हलवण्याची सवय, यांतलं काहीही बदललं की ही चाचणी पुन्हा घ्यायची.